खफजी मुक्कामी बंदरवाली गादीवर बसली ती हकीकत

थोरांस सलाम, वडिलांस दंडवत, आणि ऐकणारांस विज्ञापना ऐसीजे. समुद्रकाठी खफजी नामे गाव, कुवेताच्या सरहद्दीस लागून. तेथे शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरी, म्हणजे हिजरी सन चौदाशे अकरा, जे थोर युद्ध जाहले, त्यातील तोफा, रणगाडे आणि विमाने यांचे वर्णन जगाच्या वर्तमानपत्रांनी पोटभर केले. परंतु त्याच गावी, त्याच साली, तेलकारखान्याच्या छावणीतील भोजनगृही दुसरे युद्ध पेटले, एका गाण्याने दुसऱ्या गाण्यास गादीवरून खाली ओढिले, आणि त्या धामधुमीत रत्नागिरी प्रांतीच्या एका मुलीचे लग्न अडले ते सुटले, याची दखल कोणी घेतली नाही. सबब ती हकीकत लिहिली असे. यात पदरचे काही घातले नाही. कोठे खारट लागलेच तर तो समुद्राच्या वाऱ्याचा दोष समजावा.

तेलकारखाना जपानी लोकांचा. त्यांचे मुख्य हायाशीसाहेब, वये वृद्ध, अंगे सडपातळ, बोलणे थोडे, शब्द पक्का. भोजनगृहाचा कारभार राजश्री बदरुद्दीन बावर्ची यांजकडे. ते कोकणपट्टीचे, दर्यावर्दी घराण्यातले, परंतु होडीपेक्षा हंडीवर त्यांचा हात अधिक बसला होता. एका चुलीवर जपानी साहेबांचा चिकट भात, दुसरीवर मलबारी मंडळींचा सांबार, तिसरीवर आपल्या कोकणी लोकांचे माशाचे कालवण, ऐसा तिहेरी मुलूख ते एका डावाने राखीत आणि कोणाची वाटी कोणाच्या पुढे जाऊ देत नसत.

आता गाण्यांच्या गादीचा कायदा सांगतो. जपान देशी ऐशी वहिवाट की, दर आठवड्यास साऱ्या मुलखातील गाण्यांची क्रमवारी लागते आणि ती छापून प्रसिद्ध होते. तेथे गवयांची सभा बसत नाही, पंच मान डोलवीत नाहीत, सूर कोणाचा गोड आणि ताल कोणाचा चुकला याची चौकशी नाही. मुलखातील नेमलेल्या दुकानांनी आठवडाभरात कोणत्या गाण्याच्या तबकड्या आणि कॅसेटी किती खपल्या ते कळवावे, आणि जे अधिक खपले ते वर, जे कमी खपले ते खाली. घेणाराने ते गाणे घरी नेऊन ऐकिले की उशाला घेतले, हे कोणी विचारीत नाही. हा न्याय उत्तरेच्या बर्फापासून दक्षिणेच्या बेटांपर्यंत सारखा चाले.

ही क्रमवारी छापलेले मासिक टपालाने खफजीस येई. त्या दिवशी भोजनगृहात जपानी मंडळींचे जेवण थंड होई आणि वाद गरम होई. तरुणांचे पुढारी किमुरासाहेब. त्यांचा पक्ष तीन पोरी मिळून गातात त्या उड्यांच्या गाण्याचा, आणि ते गाणे बहुत काळ गादीवर होते. हायाशीसाहेब मात्र मासिक खालून वर वाचीत. त्यांच्या तरुणपणी एका बाईने एक गाणे गाइले होते: बंदरावर उभी राहून होडीची वाट पाहणारी बाई, आणि होडी येत नाही. ती कधीकाळी गादीवर बसली होती. आता ती शंभरातही नव्हती. तरी साहेब दर खेपेस तळापासून बोट सरकवीत वर येत, की चुकून तरी सापडेल. छावणीत तिचे नाव कोणास उच्चारता येईना, म्हणून कोकणी मंडळींनी तिला बंदरवाली म्हणावे असे ठरले.

साहेबांची माया ऐशी की, त्यांनी मागे एकदा बाजारातील सिराजुद्दीन यास सांगोन बंदरवालीच्या कॅसेटींची भली मोठी पेटी जपानहून मागविली. सिराजुद्दीन श्रीवर्धनचे. छावणीच्या फाटकासमोर त्यांचे दुकान, त्यात साबण, सेल, चपला आणि कॅसेटी. साहेबांनी स्वतः एक कॅसेट घेतली. दुसरी कोणी घेतली नाही. पेटी फळीखाली गेली आणि तिजवर चपलांचे खोके बसले.

मग मुहर्रमात कुवेत पडले. रस्ते लष्कराने भरले, विषारी वायूच्या भयाने तोंडास लावावयाचे रबरी मुखवटे वाटले गेले, खिडक्यांस चिकटपट्ट्या लागल्या आणि जपानचे टपाल बंद जाहले. मासिक येईना. क्रमवारीवाचून जपानी मंडळी ऐशी उदास जाहली की, बदरुद्दीन बावर्चींनी तळलेली कोळंबी पुढे केली तरी हात लांब होईना. तेव्हा हायाशीसाहेबांनी फर्मान काढिले की, मायदेशाची क्रमवारी येत नाही तर आपण आपली लावावी. कायदा तोच. नेमलेले दुकान एक, ते सिराजुद्दीनचे. आठवडाभरात जपानी गाण्याची जी कॅसेट अधिक खपेल ती गादीवर, आणि तिचे गाणे शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर, बिर्याणीच्या वेळी, भोंग्यावर वाजेल. पुढे हेही कलम घातले की, खपाविषयी कोणास शंका आल्यास घेणाराने आपल्या हातची कॅसेट आणोन लावावी. किमुरासाहेब हसले. त्यांच्या पोरींच्या कॅसेटी फिलिपिनो मंडळीही घेत. पहिल्या शुक्रवारी उड्यांचे गाणे वाजले, दुसऱ्या शुक्रवारीही तेच वाजले, आणि हायाशीसाहेबांनी बिर्याणीतील बटाटा बाजूस सारला.

इकडे बदरुद्दीन बावर्ची वेगळ्याच पेचात होते. त्यांची कन्या इफरा हिचे लग्न ठरले होते. स्थळ चांगले, मुलगा बोटीवर इंजिनात. परंतु रेडिओवर खफजीचे नाव येऊ लागले आणि बावर्चींच्या कुटुंबाने, बिलकिसबीने, गावाकडून एका येणाराच्या हाती कॅसेट पाठविली. कारण कोकणी घरांत वहिवाट ऐशी की, परदेशी गेलेल्या माणसास पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेटीवर बोलोन पाठवावे. म्हातारे बोलतात, लेकरे रडतात, मागे कोंबडाही आरवतो, आणि सारे घर पोहोचते. त्या कॅसेटीत बिलकिसबीचा हुकूम होता, तो येणेप्रमाणे:

“इफराचे अब्बा, तुमची पत्रं मिळाली. पण पत्र काय, कुणीही लिहील. तुमचा आवाज माझ्या कानी पडल्याशिवाय मी लग्नाची तारीख धरणार नाही. मुलाकडचे घाई करतायत. या महिन्याअखेर हो की नाही सांगा म्हणतात. मग मला बोल लावू नका.”

फोनच्या खोलीपुढे रांग मशिदीपर्यंत गेलेली, आणि नंबर आला की लाइन जाई. तेव्हा कॅसेटीवाचून उपाय नव्हता. बावर्ची सिराजुद्दीनच्या दुकानी गेले आणि कोरी कॅसेट मागती जाहले.

सिराजुद्दीन म्हणाले, “खलास. सगळ्या जगाला घरी बोलायचंय. दम्मामहून माल येत नाही, रस्त्यावर नुसते रणगाडे.”

“अरे, माझ्या पोरीचं लग्न अडलंय!”

सिराजुद्दीनने क्षणभर विचार केला, चपलांचे खोके दूर केले आणि फळीखालची पेटी ओढली. “ही घे. नवीकोरी आहे. आत एक जपानी बाई आहे, तिला पुसून टाक.”

“पाप लागेल रे.”

“पाप कसलं? तिला कळणार आहे का? पाठीमागे दोन भोकं दिसतात ना, त्यांत कागद कोंब, वर चिकटपट्टी लाव, नि बोल पोटभर. चिकटपट्टी तर खिडकीला लावून उरली असेलच.”

बावर्चींनी कॅसेट घेतली. मग मसलत छावणीत फुटली. क्रेन चालविणारे यूनुस आले, मुरूडचे. त्यांनी भावांसाठीही घेतल्या. मलबारी मंडळी आली, पंजाबी आले, कराचीचे वेल्डर आले, आणि बंदरवाली फळीखालून जी निघाली ती पुन्हा तेथे शिरली नाही. त्या आठवड्यात छावणीत जो तो कॅसेटीपुढे बसोन घरी बोलत होता, आणि उड्यांचे गाणे दुकानात टांगलेलेच राहिले.

आठवडा भरला. सिराजुद्दीनने खप कळविला. हायाशीसाहेबांनी तो ऐकिला, पुन्हा सांगावयास लाविला, आणि टोपी काढून हातात धरिली. बंदरवाली गादीवर! मग ते स्वतः चालत भोजनगृहाच्या चुलीपाशी आले, कमरेत लवून बावर्चींस सलाम करिते जाहले, आणि पुसते जाहले की, आमच्या देशच्या या जुन्या गाण्यात कोकणच्या लोकांस काय भावले ते सांगावे. बावर्चींच्या हातून डाव हंडीत पडला. खरे सांगावे तर म्हाताऱ्याचे मन मोडते, खोटे सांगावे तर जुम्मा उद्यावर आलेला. त्यांनी बहुत विचार करोन उत्तर दिले, “साहेब, कॅसेट मजबूत आहे.” साहेबांनी हेही मोठ्या आदराने ऐकून घेतले.

शुक्रवार उजाडला. त्याच दिवशी नाशिकचे राजाभाऊ, पाइपलाइनीचे इंजिनिअर, रजेवर निघावयाचे होते. दुपारची मोटार, संध्याकाळचे विमान. कोकणी मंडळींच्या कॅसेटी आधीच्या खेपांनी रवाना जाहल्या होत्या. एकट्या बावर्चींची राहिली होती, कारण घसा बसला म्हणोन त्यांनी बोलणे दोनदा पुढे ढकलले. ती आता सदऱ्याच्या खिशात होती आणि बिर्याणी उरकताच राजाभाऊंच्या हाती द्यावयाची होती. महिना सरत आला होता. ही खेप चुकली तर दुसरी नाही.

बिर्याणीचे झाकण निघाले आणि किमुरासाहेब उभे राहिले. त्यांनी शंका घेतली. ज्या गाण्याचे नाव या लोकांस घेता येत नाही ते त्यांनी एवढे घेतले कैसे? कलमाप्रमाणे घेणाराने आपली कॅसेट लावावी. सारे बावर्चींकडे पाहू लागले, आणि हायाशीसाहेबांनी तर हात जोडूनच पाहिले.

बावर्चींनी मनात हिशेब केला की, आपले बोलणे संपले तेथेच फीत थांबली आहे, पुढचे गाणे शाबूत आहे. घरी पाठवावयाची म्हणोन ती आपणच मागे गुंडाळिली होती, हे ते विसरले. म्हणोन ते धीराने पुढे गेले, बिस्मिल्ला म्हणून कॅसेट घातली आणि कळ दाबली. भोंग्यातून खरखर जाहली, आणि मग साऱ्या भोजनगृहात, जपानी, मलबारी, पंजाबी, फिलिपिनो ऐशा सर्व पंक्तींवर, बदरुद्दीन बावर्चींचाच आवाज कडाडला:

“हां, लाल दिवा लागला. बिलकिस, मी बोलतोय गो. ओळखलंस ना? सर्दी झालीय म्हणून जड येतोय, दुसरा कुणी समजू नकोस. मी खुशाल आहे. जेवण मीच करतो, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. इथं तोंडाला रबराचा मुखवटा दिलाय, तो लावला की मी तुझ्या मामूसारखा दिसतो...”

कोकणी पंक्तीत हशा पिकला. बावर्ची बंद करावयास धावले, परंतु हायाशीसाहेबांनी हात वर केला, म्हणजे पुरे होऊ द्यावे, आणि राजाभाऊंस खूण केली की, अर्थ सांगत जावा. राजाभाऊ घास टाकून उठले आणि इंग्रजीत अर्थ सांगू लागले. भोंगा थांबत नव्हता:

“...इथला म्हातारा जपानी साहेब लई भला माणूस. भातात साखर नि सिरका घालतो, त्याला इलाज नाही. जुनं गाणं लावतो नि डोळे पुसतो. त्याचंच गाणं पुसून त्यावर मी हे बोलतोय, त्याला सांगू नकोस.”

राजाभाऊ येथे थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साहेबांनी पुन्हा खूण केली.

“बदरूभाई, सांगू?” राजाभाऊंनी हळूच विचारले.

“आता काय झाकायचं राहिलंय, राजाभाऊ? सांगा.”

त्यांनी सांगितले. साहेबांच्या मुखावर काही उमटले नाही. भोंग्यातील आवाज मात्र आता नरम पडला:

“इफराची तारीख धर. मी येणार. रस्ते बंद झाले तरी येणार, तू चिंता करू नकोस. आता... तू समोर नाहीस, हा नुसता डबा आहे, म्हणून शब्द संपले. कौलं बघून घे. खुदा हाफिज.”

खट् ऐसा आवाज जाहला, आणि पाठोपाठ, अर्ध्या ओळीतून, बंदरवाली गाऊ लागली. बावर्चींचे बोलणे जेथे संपले तेथपासून ती तशीच शिल्लक होती. भातावरची वाफ तेवढी वर जात होती.

गाणे सरताच किमुरासाहेबांनी आरोप ठेविला. या लोकांनी गाणे घेतलेच नाही, डबी घेतली. सबब खप खोटा, गादी खोटी, आणि निकाल लागेतो ही कॅसेट पुरावा म्हणून छावणीत जप्त ठेवावी. मोटार फाटकाशी उभी, ड्रायव्हर “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला चला, म्हणोन भोंगा वाजवीत होता, आणि इफराची तारीख किमुरासाहेबांच्या मुठीत चालली होती.

तेव्हा सिराजुद्दीन, जे फुकटच्या बिर्याणीस आले होते, हात पुसत उभे राहिले. “साहेब, मी विकली, यांनी घेतली. तुमच्या देशात दुकानदार लोकांच्या घरी जाऊन बघतो काय, कोण काय करतो ते?”

किमुरासाहेब तरुण होते परंतु खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि कबूल केले की, मायदेशी आपण स्वतः एकच तबकडी तीनदा घेतली होती, आत पोरींचे निरनिराळे चित्र निघते म्हणोन, आणि दोन तर उघडोन वाजविल्याही नाहीत. तरी त्या मोजल्या गेल्या. सबब कायद्याने बंदरवाली गादीस पात्र आहे. जपानी पंक्तीत टाळ्या जाहल्या.

परंतु हायाशीसाहेब उठले आणि त्यांनी निवाडा दिला तो ऐसा: कायद्याने गाणे जिंकले हे मान्य. तथापि ज्यास कोणी ऐकिले नाही त्याने गादीवर बसावे हे आम्हांस रुचत नाही. सबब गादी तूर्त रिकामी ठेवावी. आणि कॅसेट अडवू नये. ज्या बाईसाठी ती बोलली गेली तिजपर्यंत ती आधी पोहोचली पाहिजे. इतके बोलून त्यांनी ती यंत्रातून आपल्या हाताने काढिली, बाहेर आलेली फीत पेन्सिल घालोन गुंडाळिली, आणि दोन्ही हातांनी राजाभाऊंच्या ओंजळीत ठेविली. राजाभाऊ धावत मोटारीत बसले. बावर्चींनी त्या दिवशी साहेबांच्या भातात साखर आणि सिरका आपण होऊन घातला, आणि थोडा अधिकच घातला.

मग गादी रिकामी राहिली. शुक्रवारी भोंगा मुका. आकाशात विमाने वाढली. बहुत लोक रजेवर गेले ते परतेनात, आणि राजाभाऊही परतणार नाहीत ऐशी पैज छावणीत लागली. परंतु पौषात एके दुपारी ते मोटारीतून उतरले. त्यांच्या कुटुंबाने, सुनीतावहिनींनी, दिलेले लाडू एका हातात, आणि दुसऱ्या हातात कॅसेट. यूनुस ओरडत चुलीपाशी गेले. बावर्ची हात न पुसताच बाहेर आले आणि म्हणाले की, जे माझे बोलणे साऱ्यांनी ऐकिले त्याचे उत्तरही साऱ्यांनी ऐकावे. भोंगा लागला. राजाभाऊ अर्थ सांगावयास उभे राहिले. बिलकिसबीचा आवाज आला, मागे खरोखरच कोंबडा:

“इफराचे अब्बा, आवाज पोचला. तुमचाच आहे, सर्दीतसुद्धा ओळखला. मामूला मुखवट्याचं सांगितलं, ते रागावलेत, आल्यावर तुम्हीच बघा. तारीख धरली. रमजान ईद झाली की शव्वालात. आता त्या बाईचं. तुम्ही खुदा हाफिज म्हणालात नि मी टेप बंद करणार, इतक्यात ती सुरू झाली. मी म्हटलं ही कोण तिकडं? शेजारची शरफुन्निसा म्हणाली, ‘अगो, ही बंदरावर उभी राहून नवऱ्याला बोलावतेय, आपल्यासारखीच.’ भाषा कळत नाही, पण श्वास कुठं तुटतो ते कळतं. आता दुपारी कामं आटपून बायका ओटीवर येतात, तुमचं बोलणं पुढं सरकवतात नि हिला लावतात. इफरा म्हणते हळदीला हीच पाहिजे. तर पुढच्या खेपेला तुम्ही जरा कमी बोला, नि तिला पुरं गाऊ द्या. गाण्याचं सुरुवातीचं तोंड तुम्ही खाल्लंत. ते कसं आहे ते आम्हाला ऐकायचंय.”

राजाभाऊंनी शेवटचे वाक्य सांगितले. हायाशीसाहेबांनी टोपी काढिली आणि भोंग्यास, म्हणजे भोंग्याच्या वाटे रत्नागिरी प्रांतीच्या त्या ओटीस, कमरेत लवून मुजरा केला. नंतर त्यांनी खिशातून आपली कॅसेट काढिली, जी साऱ्या छावणीत न पुसलेली एकच उरली होती, आणि ती बिलकिसबीस देतो म्हणाले.

बावर्ची म्हणाले, “नको साहेब, ती तुमची. तुम्हीच गा. मी लाल दिवा लावतो.”

साहेब लाजले, नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले, आणि मग डोळे मिटून गाण्याचे सुरुवातीचे तोंड गाऊ लागले. आवाज कापरा, सूर दोन ठिकाणी घसरला. किमुरासाहेबांनी स्टीलच्या ताटावर चमच्याने ताल धरिला. बावर्चींनी आधी दोनच वाक्ये बोलावयाची ठरविली होती, आणि ती त्यांनी खरोखर दोनच बोलिली.

पुढे थोड्याच दिवसांत तोफा लागल्या, खफजी रिकामे जाहले आणि सारी छावणी मोटारींत बसोन दम्मामेस गेली. बदरुद्दीन बावर्चींनी हंडी घेतली. हायाशीसाहेबांनी टेप मांडीवर घेतला, दुसरे काही घेतले नाही. फाल्गुनात युद्ध सरले. शव्वालात इफराचा निकाह जाहला, वडील ती नवी कॅसेट घेऊन हजर होते, सर्दी नव्हती.

येणेप्रमाणे खफजीची मोहीम फत्ते जाहली. बिलकिसबीचे उत्तर आले त्या आठवड्यापासून गादीवर: बंदरवाली. खप: सिराजुद्दीनच्या दुकानातील सारी पेटी. ऐकणारे: रत्नागिरी प्रांतीची एक ओटी आणि तिजवर मावतील तितक्या बायका. तोंड हायाशीसाहेबांचे, बाकीचे गाणे तिचे. उड्यांचे गाणे दुसऱ्या क्रमांकावर, आणि त्याबद्दल किमुरासाहेबांची तक्रार नाही. हे वर्तमान खरे. कळावे.